श्रवणाचे आसन पहिले का?

भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपूच्या प्रश्नाला उत्तर देताना बाळ प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार मोजतो, आणि त्या गणनेत पहिले आसन श्रवणाला मिळते. कीर्तन त्यानंतर, स्मरण त्यानंतर, आणि ज्याला आपण भक्तीचा कळस मानतो ते आत्मनिवेदन अगदी शेवटी. हा क्रम आपण इतक्या लहानपणी पाठ केलेला असतो की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे पुष्कळ वर्षे वाटतच नाही. पुढे कधीतरी मन तिथे अडते आणि विचारू लागते की ज्या क्रियेत माणूस वरवर पाहता काहीच करीत नाही, नुसता बसून असतो, तिला भक्तीचे प्रवेशद्वार कसे म्हटले? समर्थांनाही हे द्वार महत्त्वाचे वाटले असले पाहिजे, कारण दासबोधाच्या चौथ्या दशकात श्रवणभक्तीचा समास सांगून ते थांबले नाहीत; सातव्या दशकात ब्रह्माचे सूक्ष्म निरूपण करून झाल्यावर पुन्हा दोन समास त्यांनी श्रवणालाच दिले. ब्रह्मनिरूपणानंतर पुन्हा कानाकडे वळणे, ही गोष्ट साधकाने सहज ओलांडून जाण्यासारखी नाही.

थोरांची वचने आज आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, उलट त्यांचा पूर आहे. शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात रोज बदलणारा सुविचार असतो, दिनदर्शिकेच्या पानावर असतो, आणि सकाळी डोळे उघडण्याआधी मोबाईलवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह दहा जणांनी दहा महापुरुषांची वाक्ये पाठवलेली असतात. ही वाक्ये वाईट नसतात, पाठवणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो, आणि क्षणभर मनाला उभारी येते हेही खरे. पण दुपार होईपर्यंत त्यातले एकही आठवत नाही, कारण ते कानावरून गेलेले असते, त्याचे श्रवण झालेले नसते. श्रवणाला ऐकणाऱ्याकडून काहीतरी लागते. ते काय लागते, एवढेच आपण आज सावकाश पाहू.

परीक्षिताकडे पाहा. शुकमुनींच्या मुखातून भागवत ऐकणारा हा राजा धर्मशास्त्र प्रथमच ऐकत होता असे मुळीच नाही. पांडवांचा नातू, ऋषींच्या सभेत वाढलेला, त्याने उपदेश कितीतरी ऐकले असतील. या वेळी निराळे होते ते इतकेच की तक्षकाच्या दंशाला सात दिवस उरले होते आणि राजा अन्नपाणी सोडून गंगातीरी बसला होता, म्हणून प्रत्येक शब्द त्याच्या प्राणाशी येऊन भिडत होता. श्रवणाला पहिली गोष्ट लागते ती ही निकड. ज्याला प्रश्नच नाही त्याच्यापुढे साक्षात शुक बोलले तरी ते कथाकथन होते, आणि ज्याच्या आत प्रश्न धुमसत असतो त्याला दुसऱ्याच्या तोंडून आलेले, वाटेत कुठेतरी ऐकलेले अर्धे चरणही पुरतात.

असे ऐकणारी एक मुलगी आपल्या संतपरंपरेत होऊन गेली. बहिणाबाई शिऊरकर 1628 साली वेरूळजवळच्या देवगाव या गावी जन्मल्या, वयाच्या तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले, आणि घरावर आलेल्या संकटामुळे आईवडील व पती यांच्याबरोबर भटकत भटकत कुटुंब कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत, आणि त्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग बहिणाबाईंच्या कानी पडले. तुकोबा तेव्हा देहूला होते. त्यांना बहिणाबाईंनी पाहिले नव्हते, आणि ते अभंगही त्यांच्या मुखातून आलेले नव्हते. दुसऱ्या कोणी गायिलेले होते, तेही पुरुषांनी आणि मोठ्यांनी भरलेल्या सभेत, जिच्या एका कडेला ही अकरा-बारा वर्षांची मुलगी बसलेली. तरी त्या शब्दांनी अशी पकड घेतली की तुकोबांच्या दर्शनावाचून तिला चैन पडेना, आणि शेवटी स्वप्नातच त्यांनी अनुग्रह दिला, असे त्या आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगतात. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संताला गुरू करावे हे पतीला सोसले नाही, त्याने मारहाणही केली. कालांतराने त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूला गेले. मला या कथेत स्वप्नापेक्षा त्याच्या आधीचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. गुरू दूर देहूला, मध्ये जातीची भिंत, घरात धाक, आणि हाती काय तर कीर्तनात ऐकलेले काही अभंग. श्रवण एवढ्या आधारावर उभे राहू शकते.

मात्र ऐकलेले ते त्यांचेच असले पाहिजे, ज्यांचे म्हणून आपण ते ऐकतो. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशाला सिद्ध झाली, पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरली गेली, आणि त्या काळात लेखकांच्या चुका, हौशी भक्तांच्या स्वतःच्या ओव्या, कानाला गोड वाटलेले बदललेले शब्द असे पुष्कळ तिच्यात शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नाथ स्वतः थोर कवी. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी विस्तृत टीका लिहिली. त्यांना सुंदर ओवी घालता आली नसती का? त्यांनी घातली नाही, आणि या न घालण्यात मला श्रवणाची दुसरी पायरी दिसते, ती म्हणजे दुसऱ्याचा शब्द आपल्या सोयीसाठी न वाकवण्याचा संयम. आजकाल विवेकानंदांच्या, कलामांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये बेधडक फिरतात, आणि कोणी शंका काढली तर उत्तर मिळते की विचार चांगला आहे ना, मग कोणाचा का असेना. पण महापुरुषाच्या शब्दाला जे वजन येते ते त्याच्या आयुष्याचे असते. ते आयुष्य मागे नसेल तर शब्द कितीही गोमटा असो, श्रवण करायचे कोणाचे?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगतात तेव्हा श्रवणाच्या लगेच पाठोपाठ मननाचे आणि निदिध्यासनाचे नाव घेतात. शास्त्रकारांनी या तीन पायऱ्यांची पुष्कळ मीमांसा केली, तिच्यात आपण शिरणार नाही. एक निरीक्षण मात्र आपल्या कामाचे आहे: श्रवण पुरते झाले की नाही हे कान सांगू शकत नाहीत, ते पुढचे पाऊल सांगते. आणि हे पाऊल कसे पडते त्याचा एक नमुना आपल्या अगदी जवळच्या काळातला आहे.

6 फेब्रुवारी 1916 रोजी काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले. व्यासपीठावर रत्नजडित अलंकारांनी सजलेले राजेमहाराजे होते, आणि त्यांच्याच समोर गांधीजी त्या अलंकारांविषयी, देशाच्या दारिद्र्याविषयी, निर्भयतेविषयी बोलले. ॲनी बेझंट यांनी मध्येच अडवले, संस्थानिक उठून गेले, भाषण अपुरे राहिले. विनायक नरहर भावे नावाचा वीस वर्षांचा तरुण त्या सभेत नव्हताच. तो मार्चच्या अखेरीस इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला गेला. शाळा-परीक्षांची प्रशस्तिपत्रके त्याने आधीच आईच्या देखत चुलीत घातली होती. काशीत त्या भाषणाची चर्चा अजून चालू होती. त्याने ते वर्तमानपत्रात वाचले, मनात शंका उठल्या आणि त्याने त्या गांधीजींना पत्राने विचारल्या. उत्तर आले, त्यावर त्याने पुन्हा विचारले, आणि तेव्हा गांधीजींनी कळवले की अहिंसेविषयीचे असले प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, आश्रमात येऊन राहा. 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला, आणि हिमालयाची शांती व बंगालची क्रांती यांची जी दुहेरी ओढ घेऊन घराबाहेर पडलो होतो ती दोन्ही एका माणसापाशी सापडली, असे हाच तरुण, म्हणजे विनोबा, पुढे सांगत.

इथे श्रवणाचा आणखी एक पदर उलगडतो. तरुण विनायकाने ते भाषण वाचून मान डोलावली नाही, शंका काढल्या. आणि शंका काढल्यामुळे त्याची श्रद्धा उणी झाली नाही, उलट तिला पाय फुटले. संमती देऊन मोकळे होणे फार सोपे असते, कारण ज्याच्याशी आपण लगेच सहमत होतो त्याला आपल्याकडून आणखी काही मागायला जागाच उरत नाही. जो थोरांच्या वचनाला प्रश्न विचारतो तो त्या वचनाला आपल्या घरात येऊन बसू देतो, आणि मग घरातले सामान हलवावे लागते.

विनोबांच्याच आयुष्यातले दुसरे एक श्रवण याहून संथ आहे, आणि मला ते अधिक प्रिय आहे. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळेना म्हणून मुलाने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही अवघड वाटली, आणि सोपी दुसरी नाही म्हटल्यावर आईने मग तूच का करीत नाहीस असे सहज म्हटले. 1918 मध्ये आई गेली. गीताई लिहायला विनोबांनी आरंभ केला तो 7 ऑक्टोबर 1930 रोजी, आणि पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीत ती पुरी झाली. स्वयंपाकघरात बोललेले एक वाक्य बारा वर्षांहून अधिक काळ एका मुलाच्या आत मुरत राहिले, आणि बाहेर आले तेव्हा घरोघरी पोहोचणारा ग्रंथ होऊन आले. श्रवणाला मुदत नसते हे यावरून कळते. आपण आज एखादे वचन वाचतो आणि उद्यापासून आयुष्य बदलले नाही म्हणून खट्टू होतो. बीज पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरणाऱ्या पोरासारखी ही घाई आहे.

आता श्रोत्याचे ऋण वक्त्यावर किती असते तेही पाहावे, कारण आपण नेहमी उलट बाजूच मोजतो. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांपाशी अवधान मागतात, लेकराने आईपाशी मागावे तितक्या लडिवाळपणे. आणि हा मी शिष्टाचार मानीत नाही, कारण ज्यांच्यापुढे ते बोलत होते त्या सज्जनांच्या अवधानावाचून आणि सच्चिदानंदबाबांच्या लेखणीवाचून ती वाणी आपल्यापर्यंत आलीच नसती. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. 21 फेब्रुवारीला सुरू झालेली ही अठरा प्रवचने 19 जूनला संपली. समोर सत्याग्रही बंदी बसलेले, आणि त्यांच्यात साने गुरुजी, जे बोलण्याच्या वेगाबरोबर हात चालवीत सारे उतरवून घेत होते. आज आपण ‘गीता प्रवचने’ हातात घेतो तेव्हा ते विनोबांचे पुस्तक म्हणून घेतो, पण त्याचे पान न् पान एका श्रोत्याच्या श्रवणातून आलेले आहे. आणि त्याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी, 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ज्याच्या कानाला गीतेचा अर्थ टिपून घेण्याचा सराव झाला होता, त्याने कोकणातल्या एका गरीब गृहिणीचे बोलणेही तितक्याच आदराने टिपून ठेवलेले होते.

हे मला फार अर्थपूर्ण वाटते. थोरांच्या वचनांचे श्रवण माणसाला थोरांपाशीच अडकवून ठेवीत असेल तर ते कुठेतरी चुकते आहे असे समजावे. ज्याने ज्ञानोबा-तुकोबा खरोखर ऐकले त्याचे कान इतके कोवळे झालेले असतात की ज्याला कोणी वचन म्हणणार नाही, ज्याची कोणी चौकट करून भिंतीवर लावणार नाही, असे साधे मागणेही त्याला सोडून देता येत नाही. संतांनी श्रवणाला पहिले आसन दिले त्याचे कारण मला इथे सापडते: पुढच्या आठही भक्तींना जो नम्रपणा लागतो तो या एकीत घडतो, आणि तो देवापुढे घडलेला नम्रपणा माणसापुढे ताठ राहू शकत नाही.

18 एप्रिल 1951 रोजी विनोबा तेलंगणातल्या पोचमपल्लीला होते. शिवरामपल्लीचे सर्वोदय संमेलन आटोपून जमिनीच्या प्रश्नावर रक्तपात चाललेल्या त्या मुलखात ते पायी हिंडत होते. गावातले भूमिहीन हरिजन त्यांना भेटले. काय हवे असे विचारल्यावर ते म्हणाले, जमीन. किती असे विचारल्यावर हिशेब करून म्हणाले, ऐंशी एकर. गीता, उपनिषदे, ज्ञानेश्वरी, गांधीजी हे सारे ज्या कानांनी ऐकले होते त्याच कानांनी विनोबांनी हा आकडा ऐकला. सरकारकडे शब्द टाकतो असे सांगून पुढे जाता आले असते, आणि तो विचार त्यांच्या मनात आलाही. पण त्यांनी तिथेच, जमलेल्या गावकऱ्यांना विचारले की तुमच्यापैकी कोणी देईल का. रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागणारे भूमिहीन, देणारा जमीनदार आणि मध्ये एक ऐकणारा, एवढ्यावर भूदानाचा आरंभ झाला, आणि पुढची तेरा वर्षे विनोबा देशभर पायी फिरून दुसऱ्या गावांतले असेच आकडे ऐकत राहिले.