थट्टा आणि साठ पोरं

देवाधर्माची थट्टा पोरांच्या कानावर पडावी की नाही, हा प्रश्न आमच्या नांदेडकडे फारसा कोणाला पडत नाही. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं आणि तमाशाचे फड, सगळं एकाच माळावर. देवाला भंडारा वाहायचा आणि रात्री तंबूत शिरायचं. गौळणीत मावशी न्‌ सोंगाड्या खुद्द किसनदेवाला असे टोले हाणतात, की देवानं मुकुट काढून घरची वाट धरावी. पोरं खिदळतात, कपाळावरचा भंडारा मात्र तसाच. हसण्यापायी कोणाची श्रद्धा तंबूत सांडल्याचं ऐकिवात नाही.

आमचे शेजारी मास्तर ख्रिस्ती. त्यांच्या पोराला ‘द गोल्डन कंपास’मधलं चिलखती अस्वल भारी आवडतं. हा सिनेमा २००७ चा, फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या कादंबरीवरचा. त्यात पोरं पळवणारी एक धर्मसत्ता आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक लीगनं यावर बहिष्काराची हाक दिली. हरकत काय, तर सिनेमा सौम्य केलाय, पण तो पाहून पोरं मूळ पुस्तकं वाचायला लागतील! ही भीती मी लातूरच्या मेहुणीला सांगितली. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. ती म्हणाली, “भावजी, पोरगं आपणहून पुस्तक हातात धरतंय? त्या पिक्चरचं नाव लिहून द्या आधी!”

मास्तर हसले, पण म्हणाले, “भाऊ, अस्वलाचं काही नाही हो. आमच्या पोराला आपले हिंदी पिक्चर जड जातात.”

खरंच आहे. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षं बाटली हातात घेऊनच पडद्यावर आला. २०१२ मध्ये ‘कमाल धमाल मालामाल’मध्ये पाद्र्याला विनोदी करून टाकलं, तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी हरकत घेतली होती. मास्तरांचं दुखणं मात्र सोमवारचं. रविवारी टीव्हीवर असलं काही लागलं, की सोमवारी वर्गात साठ पोरांमध्ये त्यांच्या एकट्याला विचारतात, “काय रे, तुझा बाप पण पितो का?” मास्तर चहासुद्धा अर्धाच कप घेतात!

आता तुम्हीच सांगा, ‘पीके’ आला २०१४ मध्ये. त्यात बुवाबाजीची यथेच्छ खिल्ली होती, निदर्शनंही झाली. पण दुसऱ्या दिवशी आमच्या पोराला वर्गात कोणी जाब विचारला का? कोण विचारणार? साठातली बहुतेक आमचीच. मावशीचं तेच. थट्टा करणारी गावची, ऐकणारे गावचे आणि किसनदेवही गावचाच.

घरातल्या थट्टेला ख्रिस्ती माणसंही भीत नाहीत. लक्ष्मीबाई टिळक १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सोवळ्याओवळ्याची, नवऱ्याची, स्वतःची, कोणाचीच गय केली नाही. वाचून हसू येतं आणि त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. थट्टा तीच, पण साठ जणांनी वाटून घेतली तर फुलासारखी, एकट्याच्या डोक्यावर ठेवली तर धोंड्यासारखी.

सिनेमे बंद करा, असं मास्तर म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. पण काळजी एकट्या मास्तरांनीच का करावी? ती खरी उरलेल्या एकोणसाठांच्या आईबापांची. पोरांना खुशाल हसू द्यावं. हसताना शेजारच्या बाकावरचा हसतोय का, तेवढं बघायला शिकवावं. त्याला लातूरची शिकवणीसुद्धा लागत नाही.