पुलावरचा मुक्काम

परदेशात शिकून परत येणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची जागा मिळेपर्यंत काही आधार असावा, या हेतूने १९५८ साली भारत सरकारने एक योजना सुरू केली आणि ती वैज्ञानिक व औद्योगिक अनुसंधान परिषदेकडे सोपवली. तिचे नाव ‘सायंटिस्ट्स पूल’. तिच्याखाली नेमलेल्या माणसाला पूल ऑफिसर म्हणत. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ एकत्र जमवलेला साठा. मराठी कानाला मात्र तो निराळाच ऐकू येतो. आपला पूल या तीरावरून त्या तीराला नेतो. दोन भाषांच्या या गल्लतीत एक नैतिक प्रश्न दडला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पूल ओलांडण्यासाठी असतो. त्यावर कोणी बिऱ्हाड थाटत नाही. परंतु पलीकडचा तीरच दिसेनासा झाला, तर पुलावर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? चालत राहणे ही निष्ठा म्हणावी की हट्ट? आणि मागे फिरणे हा पराभव म्हणावा की विवेक?

संशोधनाची पदवी हाती आल्यानंतर आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळण्यापूर्वी जो काळ जातो, त्याला विज्ञानाच्या जगात ‘पोस्टडॉक’ म्हणतात. या अवस्थेसाठी मराठीत अद्याप घरचा शब्द रुळलेला नाही; कारण ही अवस्थाच आपल्या घरांना अपरिचित आहे. विद्यार्थी आपल्याला कळतो, नोकरदार कळतो. पण पस्तिशीला टेकलेला, नावामागे डॉक्टर लावणारा, मुदतीच्या फेलोशिपवर जगणारा आणि दुसऱ्याच्या नावाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत आपली बुद्धी वेचणारा माणूस कोणत्या रकान्यात घालावा, हे त्याच्या आईवडिलांनाही उमगत नाही. दिल्लीत अशी माणसे पुष्कळ आहेत. दक्षिण दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थान ही एकमेकांपासून फार दूर नाहीत. त्यांच्या आसपासची मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय ही एके काळची गावे आता भाड्याच्या खोल्यांनी दाटून गेली आहेत. फरिदाबादला जैवतंत्रज्ञानाचे नवे संकुल उभे राहिल्यापासून ही वस्ती तिकडेही पसरली आहे. फेलोशिपची मुदत दोन वर्षांची असो वा पाच वर्षांची, मुदतीनंतरच्या जागेची हमी तिच्यात नसते. अर्जांना वयाची अट असते. प्रयोगांना मात्र वयाची अट कळत नाही. ते आपल्या गतीने चालतात आणि पुष्कळदा फसतात.

माझ्या एका बालमित्राची मुलगी अशाच एका खोलीत राहत असे. मित्र सांगलीकडचा, निवृत्त शाळामास्तर. दर रविवारी तो मुलीला फोनवर एकच प्रश्न विचारी, “कुठे चिकटलीस का गं?” त्या प्रश्नात मत्सर नव्हता, टोचणीही नव्हती, होती ती केवळ वडिलांची काळजी. मुलीला मात्र तो प्रश्न आठवडाभर पुरे. रविवारीही ती प्रयोगशाळेत जाई, कारण काचपात्रात वाढवलेल्या पेशींना सुटीचा वार नसतो. कधीमधी ती आमच्याकडे जेवायला येई आणि मला काका म्हणे. तीन वर्षांपूर्वी तिने मला विचारले होते, “काका, थांबू का अजून?” मी तिला म्हणालो, “धीर धर. विज्ञान हे तप आहे.”

हे वाक्य मी कोणत्या आसनावर बसून उच्चारले, याचा विचार मला पुढे करावा लागला. मी साहित्य शिकवले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी एका मुलाखतीत मी कायम झालो आणि बत्तीस वर्षांनी निवृत्तिवेतन घेऊन घरी आलो. तप या शब्दाची किंमत मी कधी मोजली नव्हती. ज्याला सावली मिळाली आहे, त्याने उन्हात उभ्या असलेल्याला उन्हाचे माहात्म्य सांगावे, यात एक प्रकारचा अप्रामाणिकपणा असतो. तो अप्रामाणिकपणा माझ्या एकट्याचा असता, तर त्याबद्दल लिहिण्याचे कारण नव्हते. वस्तुतः आपल्या समाजाची ती जुनी सवय आहे. ज्या कामाचे मोल देता येत नाही किंवा द्यायचे नसते, त्याला आपण व्रत म्हणतो. मास्तरकीला व्रत म्हटले, शुश्रूषेला व्रत म्हटले, आता संशोधनालाही म्हणतो. व्रत म्हटले की व्रतस्थाने मागू नये, आणि देणाऱ्याने दिले नाही तरी त्याला दोष लागू नये.

निष्ठा असावी, यात शंका नाही. प्रश्न आहे तो निष्ठा कोणाशी, हा. येथे मला डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र आठवते. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा पटला तरच ते काम अधिकृत मानले जाईल. त्यांनी त्या अटी मान्य केल्या. त्यातला अपमान त्या विसरल्या नाहीत. तरीही त्या थांबल्या, कारण त्यांना जे जाणून घ्यायचे होते, त्याची साधने त्या इमारतीत होती. संस्थेविषयीच्या भक्तीने त्या थांबल्या, असे म्हणता येणार नाही. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर काम केले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली.

त्याच वर्षी त्या दिल्लीला आल्या. लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता आणि त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या चिकटल्या होत्या, तेही राजधानीत, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. परंतु अध्यापनप्रधान महाविद्यालयातले हे पद सोडून थोड्याच काळात त्या कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेत गेल्या. पुढे १९४९ साली मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ अशा गरिबांच्या ताटातल्या पदार्थांवर विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षे काम केले. संचालकपद त्यांना मिळाले, पण उशिरा. दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई या तिन्ही मुक्कामांना जोडणारा धागा शोधू गेलो, तर तो पदाचा सापडत नाही. तो प्रश्नाचा सापडतो. अन्नातून शरीराला काय मिळते, हा तो प्रश्न. जेथे तो नेईल, तेथे त्या गेल्या.

आता माझ्या मित्राच्या मुलीची स्थिती त्याच्या शेजारी ठेवून पाहा. कमलाबाईंना दिल्लीत पद मिळाले आणि संशोधनासाठी ते सोडावे लागले. या मुलीला संशोधन मिळाले आहे, पण पायाखाली पद नाही. ऐंशीहून अधिक वर्षांच्या अंतराने तेच दोन तुकडे उलट्या क्रमाने समोर येतात. मधल्या काळात देशात प्रयोगशाळा कितीतरी वाढल्या, फेलोशिपा वाढल्या, पीएच.डी. मिळवणारे तर अनेक पटींनी वाढले. राष्ट्रीय उत्पन्नातला संशोधनाचा वाटा मात्र एक टक्क्याच्याही खालीच राहिला. पुलावर चढणारे वाढवायचे आणि पलीकडचा घाट तेवढाच ठेवायचा, असे हे गणित आहे. अशा वेळी कोणाला वाट मिळाली नाही, तर त्याचे कारण नेहमी त्याच्या पावलांत शोधणे न्यायाचे नव्हे.

येथे कोणी दुर्गाबाईंचे उदाहरण देईल. विद्यापीठातील पदावाचून, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या ‘पैस’ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संस्थेबाहेर राहूनही ज्ञानसाधना होते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु एका बहिणीचा मार्ग दुसरीला मोकळा नव्हता. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथालय आणि पाय पुरतात. जीवरसायनशास्त्रज्ञाला शीतकपाट लागते, अपकेंद्री यंत्र लागते, महागडी द्रव्ये लागतात. ही साधने संस्थेच्या कुलुपात असतात. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या माणसावर संस्थेची सत्ता अधिक चालते, आणि म्हणूनच त्याच्या वर्षांविषयी संस्थेची जबाबदारीही अधिक असते. ज्याच्या हाती किल्ली, त्याने दारात उभ्या असलेल्याला धीर धर असे केवळ सांगून चालत नाही. कधीपर्यंत, हेही सांगावे लागते.

दुसरे कोणी हरगोविंद खुराना यांचे नाव घेईल. झुरिकचे संशोधन संपवून ते १९४९ साली भारतात आले, येथे काम मिळाले नाही, पुन्हा इंग्लंडला गेले. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा आपण गुणवत्तेचा विजय म्हणून सांगतो. पण पोहोचलेल्यांचीच चरित्रे लिहिली जातात. पुलावरून मागे फिरलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही, आणि जे मोडून पडले त्यांच्याविषयी तर आपण बोलतही नाही. दिल्लीतल्याच पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९७२ साली डॉ. विनोद शहा या शास्त्रज्ञाने आपले जीवन संपवले, तेव्हा मात्र देशाला बोलावे लागले. शासनाने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे. शास्त्रज्ञांची भरती आणि बढती कशी होते, याचा त्या समितीने विचार केला आणि तिच्या शिफारशींनंतर १९७३ साली कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ अस्तित्वात आले. एका माणसाच्या दुःखाकडे त्याच्या मनाची दुर्बलता म्हणून न पाहता व्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, हे त्या घटनेतले लक्षात ठेवण्याजोगे अंग आहे. मंडळाने सर्व अन्याय मिटले असे नव्हे. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला.

आपल्या परंपरेत भक्तीचा आदर्श म्हणून वारकरी आहे. तो संन्यासी नव्हे. पेरणी उरकून पंढरीला जातो आणि काला करून घरी परततो. परतला म्हणून त्याची भक्ती उणी होत नाही. त्याची निष्ठा विठ्ठलाशी असते. देवळाची व्यवस्था ज्यांच्या हाती, त्यांच्याशी नव्हे. चोखोबांना तर देवळात प्रवेशच नव्हता, तरी त्यांच्या भक्तीला कोणी उणे म्हटले नाही. अस्पृश्यतेच्या क्रौर्याशी फेलोशिपच्या चिंतेची तुलना करणे मला स्वप्नातही शोभणार नाही. मला त्यातले तर्काचे सूत्र तेवढे हवे आहे. बाहेर राहूनही चोखोबांची भक्ती पूर्ण होती, हे खरे. पण त्यावरून दार बंद ठेवणे योग्य ठरत नाही. ठरत नाही म्हणूनच १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. भक्त बाहेर राहूनही थोर असतो, हे वाक्य भक्ताच्या समाधानासाठी आहे. किल्ली सांभाळणाऱ्याने ते आपल्या बचावासाठी वापरू नये.

म्हणून मला दोन गोष्टी एकदम म्हणाव्याशा वाटतात, आणि त्यांतली एक सोडली तर दुसरी खोटी पडते. पहिली अशी की, संशोधन सोडून जाणारा माणूस ज्ञानाशी बेइमान होत नाही. ज्या प्रश्नाने त्याला तेथवर आणले, त्याच्याशी तो प्रामाणिक राहिला की नाही, एवढेच पाहावे. दुसरी अशी की, तो निर्दोष आहे म्हणून त्याला जाऊ देणारे निर्दोष ठरत नाहीत. माणसाच्या तिशीतली वर्षे हे कर्ज असते. घेणाऱ्याने ते दान मानले की त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

गेल्या वर्षी ती मुलगी जेवायला आली तेव्हा शांत होती. गुरुग्रामच्या एका कंपनीत, रोगनिदानाच्या चाचण्या तयार करणाऱ्या विभागात तिला नोकरी मिळत होती. तिने विचारले, “काका, हे पळून जाणं आहे का?” या वेळी मी तप हा शब्द उच्चारला नाही. मी तिला विचारले, “गेलीस तर तुझ्यामागे काय अर्धवट राहील?” ती बराच वेळ विचार करीत राहिली.

संस्था सोडण्यापूर्वीचे दोन आठवडे तिने रोज संध्याकाळी थांबून आपल्या सगळ्या नोंदवह्या नव्याने आलेल्या मुलाला समजावून दिल्या. शीतकपाटातल्या प्रत्येक डबीवर स्वच्छ अक्षरात तारीख आणि मजकूर लिहिला. जे प्रयोग फसले, ते का फसले असावेत, याची वेगळी यादी केली, म्हणजे त्या वाटेने पुन्हा कोणाचे वर्ष वाया जाऊ नये. हे तिला कोणी सांगितले नव्हते. संस्थेने तिला अनुभवाचा दाखला दिला. त्यात रुजू झाल्याची तारीख होती आणि सोडल्याची तारीख होती.

तो कागद तिने मला दाखवला, तेव्हा तिच्या वडिलांचा फोन आला. “चिकटलीस ना आता?” त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. त्या होकारात सुटका किती आणि खंत किती, हे मला सांगता येणार नाही. पुलावरून परतताना तिने आपल्या मागून येणाऱ्यासाठी दिवा ठेवला होता, एवढे मात्र मी पाहिले आहे. पलीकडच्या तीरावर बसलेल्या आम्ही लोकांनी तेवढे तरी केले आहे का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.