राशीखालचे ओले धान्य

वाचकहो, ‘मुलगा यूट्यूबवर व्हिडिओ गेमची माहिती देऊन पैसे मिळवतो, ही कमाई हलाल आहे काय?’ हा प्रश्न आता आपल्या घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. उत्तर शोधताना आपण सहसा खेळाकडे पाहतो. त्यात जुगार आहे काय, अश्लीलता आहे काय, त्यापायी नमाज सुटते काय? हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे प्रथम मिळवली पाहिजेत. परंतु खेळ या कसोटीला उतरला तरी एक प्रश्न उरतो. हजारो लोक ज्याच्या शब्दावर विसंबून पैसे खर्च करतात, त्याचा शब्द ही विक्री आहे की साक्ष?

या व्यवसायाचे स्वरूप एका उदाहरणाने समजून घेऊ. १९८४ मध्ये जन्मलेला ब्रिटिश समीक्षक जॉन बेन ‘टोटलबिस्किट’ या नावाने ओळखला जाई. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने २०१० पासून यूट्यूबवर नव्या गेमची ओळख करून देण्यास सुरुवात केली. त्याच्या सदस्यांची संख्या पुढे २० लाखांवर गेली. गेम उघडताच तो आधी सेटिंगची यादी दाखवी, मग स्वतः खेळत गुणदोष सांगे. पूर्ण न खेळलेल्या गेमबद्दल बोलताना हा आपला पहिला अभिप्राय आहे, अंतिम निकाल नव्हे, हेही तो सांगे. त्याची भाषा पुष्कळदा तिखट असे आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. तो भाग अनुकरणीय नाही. मात्र जेवढे पाहिले तेवढेच सांगण्याची ही शिस्त विचार करण्याजोगी आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, अशी ताकीद दिव्य कुरआनने सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत ३६) दिली आहे. ती समीक्षकालाही लागू पडते.

खऱ्या साक्षीची किंमत मोजावी लागते. २०१३ मध्ये बेनने ‘डे वन : गॅरीज इन्सिडंट’ या गेमचे दोष दाखवले, तेव्हा निर्मात्यांनी कॉपीराइटचा दावा करून तो व्हिडिओ यूट्यूबवरून काढायला लावला. बेनने हा प्रकार लोकांसमोर मांडला आणि अखेर निर्मात्यांना माघार घेऊन माफी मागावी लागली. परंतु भीतीपेक्षाही मोठी परीक्षा लोभाची असते. २०१४ मध्ये ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ हा गेम बाजारात आला. त्याच्या प्रचारासाठी काही यूट्यूबरांना पैसे देऊन करार करण्यात आले होते. गेमची स्तुती करावी, त्यातील त्रुटी दाखवू नयेत, अशा त्या करारातील अटी होत्या. त्या जाहीरपणे उघड करणाऱ्यांत बेन होता. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्स कंपनीविरुद्ध कारवाई केली आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. आयोगाच्या म्हणण्यानुसार हे व्हिडिओ ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले होते. मोबदल्याचा उल्लेख अजिबात नव्हता असेही नाही. तो व्हिडिओखालच्या माहितीत ठेवायला सांगितले होते. पण त्यावर इतर मजकूर असल्याने बहुतेक ठिकाणी तो दडून गेला. अधिक वाचण्यासाठी बटण दाबणाऱ्यालाच तो दिसे.

येथे आपल्याला एक हदीस आठवल्यावाचून राहत नाही. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असा प्रश्न प्रेषितांनी (स.) केला आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले (सहीह मुस्लिम). पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते. ओले धान्य खाली ठेवणे मात्र त्याच्या हाती होते. मोबदल्याचा उल्लेख पडद्याच्या तळाशी दडवणारा यूट्यूबर आणि हा विक्रेता, यांत फरक तो काय?

मग सत्य राशीवर आणून ठेवले, ‘मला पैसे मिळाले आहेत’ असे सुरुवातीलाच सांगितले, म्हणजे सारे काही शुद्ध झाले काय? याचे उत्तर दुसऱ्या एका हदीसमध्ये आहे. जकात वसूल करून परतलेल्या इब्न अल-लुतबिय्या यांनी काहीही लपवले नव्हते. हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले, असे त्यांनी उघडपणे सांगितले. तरीही प्रेषितांनी (स.) ते मान्य केले नाही. ही व्यक्ती आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिली असती, तर ही भेट तिच्याकडे आली असती काय, असा सवाल त्यांनी मिंबरवरून सर्वांसमोर केला (बुखारी, मुस्लिम).

या दोन हदीस एकत्र वाचल्या की मार्ग स्पष्ट होतो. जाहिरात करणे हे काम आहे. वस्तू हलाल असेल, वर्णन खरे असेल आणि ही जाहिरात आहे हे उघड असेल, तर त्याची मजुरी घेता येते. परीक्षणासाठी गेमची प्रत मिळणे हेही साधन मिळण्यासारखे आहे. परंतु जो साक्षीदार म्हणून उभा आहे, त्याने ज्याच्याविषयी साक्ष द्यायची त्याच्याकडूनच स्तुतीच्या अटीवर धन घेतले, तर नुसत्या कबुलीने ती साक्ष निर्मळ होत नाही. साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी ठरते, असे सूरह अल्-बकरा (आयत २८३) सांगते. साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहा, असा आदेश सूरह अन्-निसामध्ये (आयत १३५) आहे.

हा विषय केवळ यूट्यूबरांचा आहे असे समजू नका. एखाद्या स्थळाची चौकशी करायला कोणी आपल्या दारी येते, तेव्हा मुलाचे व्यसन ठाऊक असूनही आपण ‘घराणे चांगले आहे’ एवढेच सांगतो. दलालीच्या आशेने शेजाऱ्याला वादातला प्लॉट सुचवतो. कॅमेरा नसला तरी साक्ष तीच आणि राशीखालची ओलही तीच. घरात हे पाहणाऱ्या मुलाने पुढे कॅमेऱ्यासमोर खरे बोलावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

जॉन बेनचे २४ मे २०१८ रोजी कर्करोगाने निधन झाले. तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता. माणूस गेल्यावरही त्याचे व्हिडिओ पाहिले जातात. माणसे जे पुढे पाठवतात आणि जे मागे ठेवतात, ते सर्व लिहिले जात आहे, याची आठवण सूरह यासीन (आयत १२) देते. म्हणून आपल्या घरातील तरुणाने या व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. किती पैसे मिळतील, हे विचाराच. पण हे पैसे कोण देणार, कशासाठी देणार आणि हे पाहणाऱ्याला सांगता येईल काय, हे त्याआधी विचारा.

अल्लाह आपल्या जिभांना सत्याची साक्ष देण्याचे बळ देवो आणि आपल्या मुलांची कमाई शुद्ध राखो. आमीन.