न सांगितलेला दोष

घर विकणाराने मौन धरिले, तर तो खोटे बोलला काय? प्रिय वाचकहो, हा प्रश्न लहान नव्हे.

पुण्यात मुठेच्या काठी, सिंहगड रस्त्यालगत, वस्ती झपाट्याने वाढली आहे. तेथील एकतानगरीत ता. २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासला धरणातून पाणी सोडिल्यावर, घरांत पूर शिरला. असे पाणी ओसरले व भिंतींस रंग दिला, म्हणजे खूण पुसते.

घेणाराने ओल व भेगा पाहाव्या, जाणत्या इंजिनियरास घर दाखवावे, आणि पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून व तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची होय. परंतु त्याच्या दक्षतेने विकणाराचे कर्तव्य सरत नाही. साधारण काळजीने न कळणारा, पण आपणांस ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विकणाराने सांगावा, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही म्हणते. आम्हांस वाटते, कायदा नसता तरी हे ऋण असतेच. कारण झाकिलेल्या दोषाचे फळ घेणाराची लेकरे भोगितात. यास्तव विकणाराने विचारण्यापूर्वीच सांगावे. किंमत थोडी उतरेल, परंतु पत राहील.