शिपाई कोण होणार?



उपवासकाळ जवळ आला की आपला युवकगट सजीव क्रुसाच्या वाटेच्या तयारीला लागतो. येशूच्या भूमिकेसाठी तीन-चार मुले पुढे येतात. वेरोनिका व्हायला मुलींमध्ये चढाओढ असते. क्रूस उचलू लागायला सायमनही मिळतो. गाडी अडते ती शिपायांपाशी. एका वर्षी शिपाई झालेला मुलगा नंतर मला म्हणाला, "फादर, पुढच्या वेळी मला काहीही द्या, पण चाबूक देऊ नका." मी म्हटले, "अरे, चाबूक तर सुतळीचा होता. कोणाला लागला?" तो म्हणाला, "लागला नाही. पण माझी आजी समोर उभी राहून रडत होती आणि माझ्याकडे बघत होती."

त्याचे हे उत्तर मी विसरलो होतो. बोस्टनजवळ राहणाऱ्या, मूळच्या आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली, तेव्हा ते आठवले. चित्रफीत अमेरिकेतील लेक्सिंग्टन या गावच्या मैदानावरची. तारीख 19 एप्रिल 2025, वेळ पहाटेची. तो दिवस पवित्र शनिवारचा होता.

बरोबर 250 वर्षांपूर्वी, 19 एप्रिल 1775 रोजी, याच मैदानावर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली. मॅसॅच्युसेट्स तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. गावोगावी सशस्त्र तुकड्या असत. पगारी फौज नव्हे, शेती आणि कामधंदा सांभाळून कवायत करणारे गावचेच लोक. बोस्टनहून सुमारे 700 ब्रिटिश शिपाई पुढच्या कॉन्कर्ड गावातील शस्त्रसाठा नष्ट करायला रातोरात निघाले. वाटेत लेक्सिंग्टनला कॅप्टन जॉन पार्कर 77 माणसे घेऊन उभा होता. तो क्षयाने खंगलेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. पहिली गोळी कोणी झाडली हे आजवर ठरलेले नाही. ती समोरून आली, असेच दोन्ही बाजूंनी सांगितले. काही मिनिटांत पार्करच्या बाजूचे 8 जण ठार आणि 10 जखमी झाले. ब्रिटिशांचा एक शिपाई जखमी झाला.

हा प्रसंग दरवर्षी एप्रिलमध्ये त्या मैदानावर पुन्हा उभा केला जातो. करणारे सारे स्वयंसेवक. 'लेक्सिंग्टन मिनटमेन' या मंडळातील प्रत्येक सदस्य त्या पहाटे खरोखर तेथे असलेल्या एका माणसाची भूमिका घेतो, त्याचा अभ्यास करतो आणि त्याच्या नावाने उभा राहतो. बंदुकीत दारू असते, गोळी नसते. लोक अंधारातच येऊन जागा धरतात. धूर होतो, माणसे पडतात, जुन्या पोशाखातील स्त्रिया धावत येतात. जोनाथन हॅरिंग्टन नावाचा जखमी सरपटत आपल्या घराच्या दारापर्यंत गेला आणि पत्नीच्या पायाशी त्याने प्राण सोडला, असे तेथे परंपरेने सांगतात. ते घर मैदानाच्या कडेला अजून उभे आहे. सगळे आटोपले की पडलेले उठतात, कपडे झटकतात आणि लोक न्याहारीला जातात.

हे योग्य आहे का? खऱ्या माणसाचे मरण आपण पुन्हा करून दाखवावे का? संत अगस्तीन यांनी 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नाटकांविषयी असाच प्रश्न केला आहे. जे दुःख स्वतःवर आलेले माणसाला नको असते, ते रंगमंचावर पाहून रडायला त्याला का आवडते? त्यांना यात खोट दिसली, कारण तेथे प्रेक्षकाला कोणाच्या मदतीला धावायचे नसते. फक्त हळहळायचे असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियमही काहीसा असाच विचार करतो. त्यांच्या हद्दीत बंदुका चालवून दाखवता येतात. पण दोन्ही बाजूंनी एकमेकांवर गोळीबार करणे, जखमी किंवा मृत होऊन पडणे याला मनाई आहे. युद्धातील यातना अभिनयाने दाखवता येत नाहीत, अशी त्यामागची भूमिका. लेक्सिंग्टनचे मैदान गावाच्या मालकीचे असल्याने तेथे माणसे पडतात. कॉन्कर्डचा पूल राष्ट्रीय उद्यानात असल्याने तेथे पडत नाहीत. मध्ये काही मैलांचेच अंतर.

नियमामागचे कारण मला पटते, नियम पुरता पटत नाही. तो लावायचा तर आपली क्रुसाची वाटही बंद करावी लागेल. माझी अडचण पडणाऱ्यांविषयी नाहीच. आठ जण पडले की आपण त्यांच्यासाठी रडतो, आणि रडता रडता मनाशी ठरवून टाकतो की आपण त्यांच्या बाजूचे. अश्रूंनी आपली बाजू फुकटात ठरते. येशूने शास्त्री-परुश्यांना हेच सुनावले होते. संदेष्ट्यांची थडगी ते सजवतात आणि पूर्वजांच्या काळी असतो तर त्या रक्तपातात सामील झालो नसतो, असे म्हणतात (मत्तय 23). वाडवडिलांच्या पापापासून हात झटकण्याचा तो सोपा मार्ग होता.

त्या मैदानावर हे समाधान ज्याला मिळत नाही असा एकच गट असतो, लाल डगला घातलेल्यांचा. तेही हौशी स्वयंसेवक, बहुतेक अमेरिकनच. शेजाऱ्याच्या छातीवर नेम धरायचा, लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. पार्करच्या माणसांना नावे असतात; यांच्यातील साध्या शिपायाला बहुधा ती नसतात. मला त्यांचे कौतुक वाटते. (आपल्या वसईच्या किल्ल्याचा 1739 चा वेढा कोणी असा उभा करायचे ठरवले, तर आपली मुले कोणत्या बाजूला उभी राहतील, हे मला चटकन सांगता येणार नाही.)

नायकांच्या बाजूलाही न बोललेले पुष्कळ असते. पार्करच्या तुकडीतील जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रूक होता. तो कृष्णवर्णीय आणि गुलाम. स्वातंत्र्याच्या पहिल्याच चकमकीत ज्याने गोळी झेलली, तो त्या सकाळी दुसऱ्याच्या मालकीचा होता. त्याच्या नावाचा दगड मैदानाजवळ बसायला 2008 साल उजाडले.

आणि त्याच सकाळी कॉन्कर्डच्या पुलावर, चकमक संपल्यानंतर, जखमी होऊन पडलेल्या एका ब्रिटिश शिपायाच्या डोक्यात गावच्या एका तरुणाने कुऱ्हाड घातली. मागून आलेल्या शिपायांनी ते प्रेत पाहिले. बंडखोर जखमींची टाळू सोलतात, अशी आवई फौजेत उठली आणि परतीच्या वाटेवर तिने आगीत तेल ओतले. पुढे त्या पुलाशेजारच्या घरात राहिलेले लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांना या गोष्टीने पछाडले. त्या तरुणाच्या जिवाला नंतर किती जाचले असेल, असा विचार त्यांनी 1846 च्या पुस्तकात मांडला आहे. युद्धाच्या इतर गोष्टींपेक्षा हीच त्यांच्या मनात राहिली. त्या शिपायांचे थडगे पुलापाशी आहे. ती कुऱ्हाड मात्र कोणी करून दाखवीत असेल असे मला वाटत नाही, आणि दाखवावी असेही मी म्हणणार नाही. पण कुऱ्हाड वगळून केलेल्या स्मरणाला पूर्ण स्मरण म्हणता येईल का?

मिस्साबली हे नाटक नाही. तेथे प्रभू स्वतः उपस्थित असतो. तरीही उपासनेने आपल्याला एक भूमिका दिलेली आहे, हे आपल्या लक्षात येते का? झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाटून वाचतात. येशूचे शब्द धर्मगुरू म्हणतो. आपल्या वाट्याला, म्हणजे बाकांवर बसलेल्या सर्वांच्या वाट्याला, क्रुसाची मागणी करणाऱ्या जमावाचे ओरडणे येते. ते आपण बऱ्याचदा पुटपुटतो. मीही मुलगा असताना पुटपुटत असे, ओठ हलवून आवाज न काढता.

म्हणून युवकगटाला मी सुचवले आहे की येशूची भूमिका मागणाऱ्याने आधी एक वर्ष शिपाई व्हावे. काहींना ते रुचलेले नाही. एका पालकांनी तर घरी येऊन विचारले की आमच्याच मुलाला चाबूक का. त्यांनीही तयारीच्या बैठकीला यावे. चाबकाचा तो जुना शिपाई येणार असेल तर त्याला मी काही विचारणार नाही. त्याने आपली पाळी केलेली आहे. बैठक येत्या गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सभागृहात आहे. शिपायांच्या चार जागा अजून रिकाम्या आहेत.