पान्ह्याची वाट

डोळे मिटा. सातपुड्याच्या पायथ्याशी, फैजपूरच्या शिवारात, केळीच्या बागेला लागून असलेला गोठा मनात आणा. पहाट आहे. दावणीला म्हैस उभी आहे. तिला घाई नाही. तुम्हीही करू नका.

तिच्या पाठीवर हात ठेवा. कोमट पाण्याने कास धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. पारडू सोडा, त्याला ढुशा देऊ द्या. आता तिच्या आत लक्ष न्या. सडांना झालेला स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, कासेत येतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात. गाईला यासाठी साधारण एक मिनिट लागतं, म्हशीला अधिक. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वरच्या पिशव्यांतच असतं. पान्हा फुटेपर्यंत सड ओढून काही मिळत नाही. श्वास सोडा. थांबा.

सड भरले. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढा, गाठी दिसतात का पाहा. मग पूर्ण मूठ: वरून अंगठा-तर्जनी आवळा, बाकीची बोटं एकामागून एक मिटा, सोडा. चिमटीने ओढू नका, सड दुखावतो. एक लिटर दुधासाठी कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त फिरून जातं. या आकड्यापाशी थोडं रेंगाळा.

कुणी ओरडलं, काठी उगारली, तर पान्हा अडतो. म्हैस दूध चोरते, असं आपण म्हणतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. घाबरलेल्या शरीराला दूध सोडताच येत नाही.

जबरदस्तीने दूध काढण्याचा विषय निघाला की मला गांधीजी आठवतात. त्यांच्या आग्रहामुळे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात भरलं. त्यांनी गाई-म्हशींचं दूध सोडलं होतं. जननमार्गात हवा फुंकून दूध काढण्याची ‘फुका’ ही क्रूर रीत त्यामागचं एक कारण होती. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार फुका हा गुन्हा आहे, आणि दुधासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन टोचणंही. त्या सुईने वाचतात ती फक्त काही मिनिटं. तेवढी मिनिटं आपण म्हशीजवळ उभं राहू शकतो.

धार संपली. सडाचं तोंड अजून अर्धा तास तरी उघडं राहील. ती लगेच खाली बसली तर कासेत जंतू शिरतील. म्हणून तिच्यापुढे वैरण टाका. आणि एक सड पारडासाठी राहू द्या.