वैराग्य कुणाच्या घराचं?

दत्त महाराजांना स्वतःचं घर नाही. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि हात जोडतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यातला साप घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात राहतो. कपोत घरट्यात जीव गुंतवतो आणि पिलांपाठोपाठ जाळ्यात सापडतो. बोध असा की, घराचा मोह नको.

आता आपल्याकडे बघा. दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक-ट्रॅक्टर जायला लागतात. वर अख्खा संसार बांधलेला. भांडी, पिठाचं पोतं, लेकरं, एखादी शेळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत राहायचं. कपिलधारची यात्रा होऊन दत्तजयंती येते, तोवर कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. मग यांनाही निःसंग म्हणायचं का?

अवधूतानं घर सोडलं. यांचं घर सुटलं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी बँकेत कारकुनी केली म्हणून त्याच भाषेत सांगतो. आपल्या खात्यातून पैसे काढायला आपली सही चालते, दुसऱ्याच्या खात्यावर चालत नाही. वैराग्याचंही तसंच. स्वतःच्या घराचा मोह सोडा, जरूर सोडा. पण दुसऱ्याचं छप्पर उडालेलं बघून ‘सगळं नश्वर आहे’ म्हणणं ही निव्वळ टाळाटाळ.

गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं ते कायमचं. पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, त्या दुसऱ्यांना पाठ टेकायला. स्वतःसाठी काही नाही, लोकांसाठी छप्पर. खरं वैराग्य ते हे.

आपल्या जिल्ह्यातही अशी माणसं आहेत. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ उभं केलं, ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. बीडच्या वाटेवर पालीला दत्ता आणि संध्या बारगजे एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळतात. गावोगावी शासनाची हंगामी वसतिगृहंही चालतात. आई-बाप फडात गेले तरी लेकरू गावातच राहावं, शाळा बुडू नये, म्हणून.

कुणी म्हणेल, मग शासन करतंय की! खरं आहे. पण रात्री ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवायला शासन येत नाही, शेजारीण येते. कुणी म्हणेल, उचल घेतली कशाला? घेतली ती बापानं, लेकरानं नाही.

हिशोब करून बघू. हंगाम धरा पाच महिन्यांचा, म्हणजे १५० संध्याकाळी. गावातली ३० घरं तयार झाली, तर एका घराच्या वाट्याला पाच येतात. जेवण बघायचं, अभ्यासाला बसवायचं, आजीला औषध मिळालं का विचारायचं. पाच संध्याकाळी! दत्तजयंतीचा महाप्रसाद आपण एक दिवस थाटात करतो, तो करावाच. पण दुसऱ्या दिवशी भूक पुन्हा लागते, आणि थंडी तर मार्गशीर्षानंतर वाढते.

यानं ऊसतोड थांबणार नाही, हे मला कळतं. आई-बाप फडातच असतील. मजुरी, पाणी, जमीन यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि तेही सुटायला हवेत. पण तोवर लेकराला रात्र काढायची आहे. निदान यंदाच्या महाप्रसादाच्या बैठकीत, वर्गणीच्या वहीत एक पान ‘संध्याकाळींचं’ म्हणून उघडावं, एवढीच विनंती.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!